हातभर अंतर

नोशिरोत फेब्रुवारी संपता संपत नाही.
समुद्राकडून आडवा हिमवर्षाव,
आणि मी गाडीत मागे दुसराच बर्फ घेऊन,
दहा किलो, कोरडा,
दोन्ही काचा खाली करून चाललेली.
सिग्नलला थांबलेले लोक वेडी समजतात.
समजू देत.
कुरामोची-सान एकदा हीटर लावून, काचा चढवून निघाले होते.
डोकं ठणकलं, धाप लागली,
पुलाच्या कठड्याशी गाडी लावून दार उघडलं
आणि ते नुसते बाहेर कलंडले.
हे ते हसत सांगतात.
अंगठ्यावरच्या पांढऱ्या डागाबद्दल मात्र
हसत नाहीत.

पहिल्याच आठवड्यात मला गॅरेजमध्ये नेलं त्यांनी.
रिकामी शवपेटी, तळाशी चार वड्या.
पेटती मेणबत्ती तारेला अडकवून आत सोडली.
काठाखाली वीतभर गेली, विझली.
फुंकर नाही, झुळूक नाही.
पुन्हा पेटवली. पुन्हा तेच.
"काही दिसलं?"
नाही.
"दिसत नाही. हवेपेक्षा जड असतं ते,
डबक्यात पाणी तसं पेटीत साठतं.
जिवंत माणसानं इथं वाकायचं नाही."
एवढंच शिक्षण. बाकी सगळं हातमोजे.

आज किनुएबाई, वय एक्याण्णव.
पोटावर दोन वड्या, छातीवर एक,
मानेच्या दोन्ही अंगांना एकेक,
मध्ये जाड टॉवेल.
कातडीला थेट लागू द्यायचा नाही,
गेलेल्यांच्याही अंगावर डाग उमटतो.
माणूस घरच्यांना चटका लावून जातं,
त्याला आपण लावू नये.

वारा येतो म्हणून सुनेनं खिडक्यांच्या फटी
टेपनं बुजवल्या होत्या.
मी टेप ओढून काढली, सरकतं दार हातभर उघडलं.
सगळे माझ्याकडे असे बघायला लागले
की जणू मी चपला घालून आत आले.
नातू तोमोहारू, वय सात, कानाशी येऊन म्हणाला,
एक तुकडा द्या ना, थर्मासमध्ये धूर करतो.
झाकण लावलंस तर थर्मास फुटेल.
"मोठ्यानं?"
हो.
त्याचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा उजळला.
मी पेटारा उचलून गाडीत नेऊन ठेवला.

मग चिझुरू, मुलगी, साठीची.
"आज मी आईजवळ झोपणार.
डोकं आत, तिच्या खांद्यावर."
माझ्या खिशात छापील कागद असतो:
कृपया शवपेटीत तोंड घालू नये.
तो काढवला नाही.
तोंडीच सांगितलं, अडखळत, मेणबत्तीसकट.
ती बराच वेळ गप्प.
"म्हणजे आईचा श्वास आता विषारी?"
त्यांचा नाही, म्हटलं. बर्फाचा.

तिनं झाकण चार बोटं सरकवलं,
आईच्या पांढऱ्या बाहीचं टोक काठावरून बाहेर ओढलं
आणि ते मुठीत धरून बसली,
ताठ, भिंतीला पाठ न टेकता.
उघड्या दारातून भुरभुर आत येत राहिली.
कुणी दार लावलं नाही.
मध्यरात्री सुनेनं तिच्या खांद्यावर रजई टाकली
आणि स्वतः दाराच्या बाजूला बसली.
मी गाडीत, काचा अर्ध्या उघड्या, पाय बधिर.

पहाटे सहाला बघितलं.
तातामीवर दाराशी बोटभर बर्फाची पट्टी.
आतल्या वड्या साबणाच्या चिपांएवढ्या उरलेल्या,
टॉवेल कडक, पण ठक्क कोरडे.
चिझुरूनं टॉवेल दुरून न्याहाळले.
"पाणी कुठे गेलं?"
पाणी होतच नाही त्याचं.
"असं कसं," ती म्हणाली. मग पुन्हा, हळू, "असं कसं."

मी नव्या वड्या आणल्या, झाकण पूर्ण उघडलं,
हवा जायला थोडं थांबले.
ती उठली. गुडघे कटकन वाजले.
"अजून एक जोड आहे का हातमोज्यांचा?"
होता. कुरामोची-सानांचा.
तिला फार मोठा,
बोटांची टोकं रिकामी लोंबत होती.
वडी मी तिच्या हातात दिली.
वाकू नका, म्हटलं. हात लांब करा. अजून लांब.